रस्त्याआधीची रेघ

आपल्याकडच्या कोणत्याही वाढत्या शहरात असा एक रस्ता हमखास सापडतो, की जो गावाबाहेरून ऐंशी फुटी रुबाबात येतो, ज्याच्या मधोमध दुभाजक असतो, दुभाजकात कण्हेर फुललेली असते, दोन्ही अंगांना दिव्यांचे खांब ओळीने उभे असतात, आणि जो कसलीही वर्दी न देता एखाद्या पत्र्याच्या कुंपणाशी, पडक्या विहिरीच्या काठाशी किंवा कुणाच्या परसातल्या शेवग्याशी येऊन एकाएकी थबकतो. गंमत अशी, की कुंपणापलीकडे दोनशे पावलांवर त्याच रस्त्याचा पुढचा तुकडा, तितकाच रुंद आणि तितकाच सज्ज, स्वच्छ दिसत असतो. मधल्या दोनशे पावलांसाठी लोक वर्षानुवर्षे मैलाचा वळसा घालतात. आणि पानाच्या ठेल्यावर या कोड्याची उत्तरेही ठरलेली असतात. कोणी म्हणतो पैसे मध्येच मुरले, कोणी म्हणतो प्रकरण कोर्टात आहे, कोणी आवाज उतरवून अमुक पुढाऱ्याची जमीन मध्ये येते असे सांगतो.

यातले एखादे उत्तर कधी खरेही असते. तथापि बहुधा खरे कारण याहून पुष्कळ नीरस, आणि म्हणूनच जाणून घेण्याजोगे असते. रस्ता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डांबर, खडी आणि रोलर येतो. पण डांबराचा रस्ता ही त्या वस्तूची शेवटची, सर्वांत सोपी आणि बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त अवस्था होय. त्याआधी तो जमिनीचा असतो आणि त्याच्याही आधी कागदावरच्या दोन समांतर रेघांचा. रस्ता अडतो तो या रेघा आणि ती जमीन यांच्या दरम्यान.

शिंप्याची माया

वाढत्या वयाच्या मुलाचा सदरा शिवताना जाणता शिंपी शिवणीच्या आत थोडे कापड दुमडून ठेवतो. या राखून ठेवलेल्या कापडाला त्याच्या भाषेत 'माया' म्हणतात. पुढच्या दिवाळीला मुलगा अंगाने भरला, की शिवण उसवायची आणि माया बाहेर काढायची. शहराच्या विकास आराखड्यातील रस्ते ही याच जातीची माया आहे. आज जेथे ज्वारीचे रान आहे तेथे वीस वर्षांनी पाच मजली वस्ती होणार, त्या वस्तीतून माणसांना आणि पाण्याच्या नळांना जावे लागणार, तेव्हा त्यांच्यासाठीची पट्टी आजच नकाशावर राखून ठेवावी, एवढाच त्यामागचा विचार. मुंबई प्रांतात या विचाराला कायद्याचे रूप १९१५ साली मिळाले. १९५४ साली त्या कायद्याची जागा दुसऱ्याने घेतली. आणि आज महाराष्ट्रात जो लागू आहे तो प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा.

या कायद्याप्रमाणे महापालिकेने प्रथम आराखडा करण्याचा इरादा जाहीर करावयाचा, मग शहरातील प्रत्येक जमिनीचा आज काय उपयोग होत आहे याची पाहणी करावयाची, त्यावरून प्रारूप नकाशा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवावयाच्या, त्यांची सुनावणी घ्यावयाची, आणि शेवटी सारे दप्तर राज्यशासनाकडे मंजुरीसाठी धाडावयाचे. हे वाक्य वाचण्यास जेवढा वेळ लागला त्यामानाने प्रत्यक्षात किती लागतो, याचा मासला पुण्याने घालून दिला आहे. तेथील जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ साली मंजूर झाला. त्यानंतरचा आराखडा २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठी करावयाचा होता. त्याचे प्रारूप २०१३ साली लोकांपुढे आले, त्यावर सुमारे ८७ हजार हरकती आणि सूचना आल्या, २०१५ साली शासनाने तो महापालिकेच्या हातून काढून स्वतःकडे घेतला, आणि अखेर मंजुरी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे वीस वर्षांच्या सदऱ्याचे माप घेऊन होईतो मुलगा दहा वर्षांनी वाढलेला होता!

रस्त्याची रुंदी कशी ठरते, हाही एक प्रश्नच आहे. चौकाच्या कोपऱ्यावर छत्री उघडून, मांडीवर तक्ता घेऊन, जाणाऱ्या प्रत्येक वाहनामागे एकेक रेघोटी ओढणारी तरुण मुले पुष्कळांनी पाहिली असतील. ती वाहतुकीची शिरगणती करीत असतात. बस आणि सायकल यांची बेरीज करता येत नाही, म्हणून अभियंते प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या मापात रूपांतर करतात: दुचाकी अर्ध्या मोटारीएवढी, बस दोन-तीन मोटारींएवढी, अशा हिशेबाने. पूर्वी वाणसामानाच्या दुकानात निरनिराळ्या वजनांची मिळून एकच शेर-छटाकाची गोळाबेरीज होत असे, तसा हा प्रकार. या आकड्यावरून किती पदर लागतील ते ठरते. एका पदराला साधारण साडेतीन मीटर धरले, तर चार पदरांना चौदा मीटर झाले. मध्ये सव्वा मीटरचा दुभाजक, दोन्ही कडांना दोन-दोन मीटरांचे पदपथ, आणि उरलेल्या पट्ट्यांत सायकलमार्ग, गटार, पाण्याचे नळ व विजेच्या तारा, असे करीत चोवीस मीटर केव्हा भरले ते कळतही नाही. वाचकांनी आपल्या घराजवळचा 'चोवीस मीटरी' रस्ता एकदा पावलांनी मोजून पाहावा. मोटारींचे चौदा मीटर बहुधा पुरे भरतील. चोरीला गेलेले असतील ते पदपथाचे.

शिरगणतीतून रेघेची रुंदी मिळते, पण तिची दिशा जमीन ठरवते आणि माणसेही ठरवतात. प्रारूपात सरळ निघालेली रेघ अंतिम नकाशात एखाद्या ठिकाणी हलकेच वाकलेली दिसते. त्या वाकण्यामागे कधी चढ असतो, कधी ओढा, कधी देऊळ किंवा दर्गा. आणि कधी केवळ वजन.

रेघ पडली म्हणजे मालकी गेली नव्हे

नकाशावर रस्ता दाखवला म्हणजे ती जमीन महापालिकेची झाली, असा एक व्यापक गैरसमज आहे. वस्तुतः रेघ पडल्यावरही सातबारा किंवा मिळकत पत्रिका मूळ मालकाच्याच नावावर राहते. तो तेथे कांदा लावू शकतो, गोठा ठेवू शकतो, फक्त पक्के बांधकाम करू शकत नाही. साखरपुडा होऊन लग्नाची तिथी न ठरलेल्या घरासारखी त्या जमिनीची अवस्था होते: दुसरीकडे बोलणी करता येत नाहीत आणि याही घरची सनई वाजत नाही.

ही कुचंबणा अमर्याद चालू नये म्हणून कायद्याच्या १२७ व्या कलमात मालकाला एक शस्त्र दिलेले आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालकाने महापालिकेला खरेदीची नोटीस द्यावी; आणि ठरलेल्या मुदतीत संपादनाचे पाऊल पडले नाही, तर आरक्षण आपोआप गळून पडते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, ती पुढे बारा आणि २०१५ पासून चोवीस महिन्यांची झाली. पाऊल म्हणजे काय, यावरही पुष्कळ वाद झाले. एखादे पत्र लिहिले, एखादा ठराव केला, की पाऊल पडले असे पालिका म्हणत. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात हा युक्तिवाद फेटाळला आणि संपादनाची खरीखुरी कार्यवाही व्हावयास हवी असे ठरवले. कोड्यातल्या त्या पत्र्याच्या कुंपणाचे एक संभाव्य उत्तर येथे सापडते. अलीकडच्या आणि पलीकडच्या मालकांनी जमीन दिली. मधल्याने दहा वर्षे वाट पाहून नोटीस दिली. खजिन्यात त्या वर्षी पैसा नव्हता. मुदत टळली, आणि माया कापून दुसऱ्याच्या अंगरख्याला गेली.

रोख, हुंडी आणि भाऊबंदांची वाटणी

जमीन हाती येण्याचा सर्वांत सरळ मार्ग रोख मोबदल्याचा. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर पंधरा टक्के दिलासा रक्कम मिळे, १९८४ पासून ती तीस टक्के झाली, आणि १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ती शंभर टक्क्यांवर नेली. म्हणजे शहरात ठरलेल्या भावाच्या दुप्पट, शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतच्या काळासाठी बाजारभावावर सालीना बारा टक्के. ज्याची जमीन त्याच्या मनाविरुद्ध घ्यावयाची त्याला हे द्यावे, यात अन्याय काहीच नाही. उलट जुन्या काळी फारच स्वस्तात उरकले जाई. पण महापालिकेच्या अंदाजपत्रकावर याचा काय परिणाम होतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. एक किलोमीटर लांब आणि चोवीस मीटर रुंद रस्त्याखाली चोवीस हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ सहा एकर जमीन जाते. भाव चौरस मीटरला तीस हजार रुपये धरला, तर जमिनीचे बहात्तर कोटी आणि दिलासा रकमेसह एकशे चव्वेचाळीस कोटी झाले. रस्ता बांधण्यास, गटारे व दिवे धरून, समजा पंधरा कोटी लागले. ज्या वस्तूला आपण रस्ता म्हणतो तिची किंमत तिच्याखालच्या मातीच्या दशांशाच्या आसपास!

रोख नसली म्हणजे सावकारी पेढ्यांत हुंडी चाले. नाशिकच्या पेढीवर पैसे भरावेत आणि त्या कागदावर काशीस वटवून घ्यावेत. महाराष्ट्राच्या नगररचनेने अशीच एक हुंडी काढली आहे, तिचे नाव हस्तांतरणीय विकास हक्क; व्यवहारात सर्वत्र टीडीआर. ती समजण्यासाठी आधी चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, ठाऊक हवा. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट मजले मिळून बांधता येतील हे सांगणारा हा आकडा. रस्त्यात जमीन गेलेल्या मालकाला पालिका पैसे देत नाही, तर 'तुझे जे बांधण्याचे हक्क येथे बुडाले ते तू शहरात अन्यत्र वापर, नाही तर विक' असे एक प्रमाणपत्र देते. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ही पद्धत आणली, पुण्यात ती १९९७ साली आली. आणि २०१६ च्या राज्याच्या धोरणाने गेलेल्या जमिनीच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट हक्क देऊ केले. खजिन्यातून एक छदामही न जाता रस्ता मिळावा, ही युक्ती पहिल्याने ऐकणाऱ्यास चमत्काराची वाटते.

पण हुंडी ती हुंडीच. पेढीची पत आणि बाजाराची गरज यांवर तिचा बट्टा ठरतो. बांधकामाला तेजी असली म्हणजे बिल्डर ही प्रमाणपत्रे चढ्या दराने उचलतात. मंदी आली, अथवा एकाच वेळी बाजारात फार कागद आले, अथवा शासनाने स्वतःच अधिमूल्य घेऊन जादा एफएसआय विकावयास काढला, की कागद मालकाच्या कपाटात पडून राहतो. मग मालक म्हणतो, मला रोख द्या. पुण्याच्या दक्षिणेस कात्रजहून कोंढव्याकडे जाणाऱ्या रस्त्याचे नेमके हेच झाले. बंगळूरकडे जाणारा महामार्ग आणि सोलापूर रस्ता यांना जोडणाऱ्या या सुमारे साडेतीन किलोमीटरच्या रस्त्याची रुंदी आराखड्यात ८४ मीटर धरलेली. कामाचा नारळ २०१८ साली फुटला. पण जागामालक हुंडी घेण्यास राजी होईनात आणि रोख देण्याची ऐपत पालिकेला दिसेना. अखेर रुंदी ५० मीटरांवर आणण्यात आली आणि राज्यशासनाकडे साहाय्य मागण्यात आले. कागदावर हिशेब केला तर केवळ या घटीने रस्त्याखालची सुमारे तीस एकर जमीन कमी लागते. रस्त्याचे नाव, आरंभ आणि शेवट तेच राहिले, मधले माप तेवढे पैशाने ठरवले.

माझ्या मते या साऱ्या मार्गांत सर्वांत शहाणा मार्ग तिसरा आहे, आणि दुर्दैवाने महाराष्ट्रात आरंभ होऊन तो महाराष्ट्रातच बराच काळ विसरला गेला. एकत्र कुटुंबाची जमीन चार भावांत वाटताना गाडीवाट कुणा एकाच्या वाट्यातून काढली, तर तो जन्मभर कुरकुरत राहणार. त्याऐवजी शहाणे पंच आधी साऱ्यांची जमीन एकत्र धरतात, तीतून गाडीवाट आणि विहिरीची जागा बाजूला काढतात, आणि उरलेले चौघांना प्रमाणात वाटून देतात. वाटा प्रत्येकाचा थोडा कमी होतो, पण प्रत्येकाचे शेत वाटेला लागते. नगररचना योजना म्हणतात ती हीच. वेडेवाकडे, चिंचोळे, रस्ता नसलेले तुकडे एकत्र करून, रस्ते व बागांची जागा काढून, प्रत्येकास चौकोनी आणि रस्त्याकाठचा 'अंतिम भूखंड' परत द्यावयाचा. जमीन कमी होऊनही किंमत वाढते. आणि त्या वाढीचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा मालकाकडून अंशदान म्हणून घेण्याचीही कायद्यात सोय आहे, ज्यातून रस्ता बांधता यावा. पुण्यातील भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, आणि मुंबईचे वांद्रे, खार, सांताक्रूझ येथील सुबक रस्ते अशाच योजनांतून निघाले. १९६० नंतर गुजरातने ही रीत सोडली नाही. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरांचा सरदार पटेल वर्तुळाकार रस्ता या शतकाच्या आरंभी पुरा झाला, तो बहुतांशी याच वाटणीच्या बळावर. आपल्याकडे आता कुठे म्हाळुंगे-माण, उरुळी देवाची, पनवेलकडील नैना अशा ठिकाणी ती पुन्हा हाती घेतली गेली आहे. रस्ता जमिनीची किंमत वाढवतो ही गोष्ट प्रत्येक दलालाला ठाऊक असते. ती वाढ रस्त्याकडे परत कशी आणावयाची, हाच पथनिधीचा सारा प्रश्न आहे आणि बाकीची शास्त्रे त्याची पोटकलमे होत.

चौथा मार्ग म्हणजे नुसते थांबणे. महापालिका जुन्या रस्त्याची एक नियमित रेषा ठरवून ठेवते; जो घर पाडून नवे बांधावयास येईल त्याने त्या रेषेच्या मागे सरकावे. पुण्याच्या जुन्या पेठांत एक दुकान पुढे आणि शेजारचे चार हात मागे, असे जे पडक्या दातांसारखे दृश्य दिसते, ते या धीम्या रुंदीकरणाचे. वाडा पडेल तेव्हा दात पडेल. या मार्गाला पैसा कमी लागतो, पिढ्या मात्र लागतात.

[चौकट: चार शब्द, जे नोटिशीत हमखास येतात
निवाडा: जमिनीचा मोबदला किती आणि कोणास, हे ठरवणारा भूसंपादन अधिकाऱ्याचा निर्णय.
मोजणी: रेघ प्रत्यक्ष जमिनीवर उतरवून किती क्षेत्र बाधित होते ते ठरवणे. येथे नकाशा आणि कुंपण यांची पहिली गाठ पडते.
आगाऊ ताबा: मोबदल्याचा निकाल लागण्याआधी मालकाने राजीखुशीने दिलेली जमीन.
पूर्वगणनपत्रक: कामाच्या प्रत्येक बाबीचे परिमाण आणि दर मांडून केलेला खर्चाचा अंदाज, निविदा यावरून निघते.]

मुंबईने शंभर वर्षांपूर्वी दिलेली किंमत

शहराच्या पोटातून रस्ता काढणे आणि शहराच्या कडेने रस्ता वाढवणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे मुंबईने फार आधी अनुभवले. १८९६ च्या प्लेगने मांडवीच्या कोंदट गल्ल्यांतून हाहाकार माजवल्यावर १८९८ साली शहर सुधारणा मंडळ, ज्याला लोक इंप्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत, स्थापन झाले. दाट वस्तीत वारा आणि उजेड शिरावा म्हणून त्याने समुद्राच्या दिशेने रुंद रस्ते कापले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे त्यांतले मुख्य. मंडळाने रस्त्यापुरतीच नव्हे तर त्याच्या दोन्ही अंगांची जमीनही घेतली, नव्या रस्त्याला लागून जे भूखंड तयार झाले ते भाडेपट्ट्याने दिले, आणि रोख्यांवर काढलेल्या कर्जाची फेड त्या भाड्यांतून करण्याची तजवीज केली.

तरीही गजबजलेल्या वस्तीत घरमालकांना द्यावा लागणारा मोबदला इतका भारी पडे, आणि उठवलेल्या भाडेकरूंचा प्रश्न इतका अवघड होई, की मंडळाचे लक्ष हळूहळू उत्तरेकडील मोकळ्या जमिनीकडे वळले. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी या वसाहती त्या वळणाचे फळ. तेथे रस्ते आधी आखले गेले आणि घरे मागाहून आली. जे शहर मायेविना शिवले जाते त्याला पुढे ठिगळ लावावे लागते, आणि ठिगळाचा दर वारभर नव्या कापडाहून महाग असतो. १९३३ साली हे मंडळ महापालिकेत विलीन झाले.

पैसा कोणाच्या खिशातून

महापालिकेच्या खजिन्यात पूर्वी जकातीचा पैसा रोजच्या रोज येई. शहरात शिरणाऱ्या प्रत्येक मालमोटारीमागे नाक्यावर रोकड जमा होत असल्यामुळे आयुक्ताला पुढच्या महिन्याचा भरवसा असे. पुण्यासारख्या शहरांत २०१३ साली जकात गेली, स्थानिक संस्था कर आला, तो २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. तिच्या जागी शासनाकडून भरपाईचा हप्ता येतो. मालमत्ता कर, बांधकाम परवानगीबरोबर घेतले जाणारे विकास शुल्क व अधिमूल्य, आणि हा हप्ता, हे आजचे मुख्य झरे. पैकी विकास शुल्क १९९२ साली कायद्यात आले आणि त्यामागे तत्त्व तेच: ज्याला रस्त्यामुळे इमारत उभारता येते त्याने रस्त्याला हातभार लावावा. घोटाळा एवढाच, की शुल्क इमारतीबरोबर येते आणि रस्ता इमारतीच्या आधी हवा असतो.

हा काळाचा खड्डा भरण्यासाठी अनुदान, कर्ज किंवा पथकर. केंद्राच्या २००५ सालच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेत चाळीस लाखांवरील वस्तीच्या शहरांना खर्चाचा ३५ टक्के वाटा केंद्राकडून, १५ टक्के राज्याकडून मिळे आणि निम्मा स्वतः उभारावा लागे. अशा योजनांचा गुण सर्वांस ठाऊक आहे. दोष असा, की जे काम अनुदानात बसते ते शहराच्या निकडीचे असतेच असे नाही. कर्जाचे म्हणाल तर पुणे महापालिकेने २०१७ साली २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने बाजारात विकले. ते पाणीपुरवठ्यासाठी होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. पाण्याला मीटर बसतो आणि बिल जाते. रस्त्यावरून कोण किती वेळा गेला याचे बिल काढावयाचे तर नाका उभारावा लागतो.

नाका उभारला म्हणजे काय होते, ते कोल्हापूरने दाखवले. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्ते २२० कोटी रुपये खर्चून एका खासगी कंपनीने करावेत आणि तीस वर्षे पथकर घेऊन खर्च वसूल करावा, असा करार झाला होता. २०१३ साली वसुली सुरू होताच शहर पेटून उठले, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे वयोवृद्ध नेते रस्त्यावर उतरले, २०१४ च्या जानेवारीत नाके जाळले गेले, आणि २०१५ च्या अखेरीस शासनाला पथकर रद्द करावा लागला. लांबच्या महामार्गावर टोल मुकाट्याने भरणारा कोल्हापूरकर भाजी आणायला जाताना टोल भरीना, यात नवल ते काय? महामार्गाला पर्याय असतो किंवा निदान प्रवास विरळा असतो. घरापुढचा रस्ता ही वहिवाट असते, आणि वहिवाटीवर कर आपला समाज सहसा सोसत नाही. मुंबईच्या प्रवेशद्वारांवर उड्डाणपुलांच्या खर्चासाठी बसवलेले नाके २००२ पासून चालले खरे, पण तेथेही ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना माफी मिळाली. पथकर गेला तरी खर्च जात नाही. तो शासनाच्या तिजोरीवर सरकतो, म्हणजे ज्याने तो रस्ता कधी पाहिलाही नाही अशा गडचिरोलीच्या करदात्यावरही थोडा.

रोलर येतो तेव्हा

जमीन आणि तरतूद एकत्र आली, की पुढचे काम ठरल्या क्रमाने चालते. निविदा निघते, स्थायी समिती मान्यता देते, झाडे तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, विजेच्या उच्चदाबाच्या तारा हलवाव्या लागतात. रस्ता झाल्यावर महिन्याभरात तो पाण्याच्या नळासाठी पुन्हा का उकरतात, हा प्रश्न ज्याला पडला नाही असा नागरिक विरळा. त्याचे उत्तर एवढेच, की पथ विभाग आणि पाणीपुरवठा विभाग यांच्या तरतुदी वेगळ्या, निविदा वेगळ्या आणि आर्थिक वर्षाची ३१ मार्च मात्र दोघांची एकच. जमीन तुकड्यातुकड्यांनी हाती येते आणि तरतूद मार्चअखेर संपवावयाची असते, म्हणून अभियंता जेवढी मिळाली तेवढ्या जमिनीवर डांबर घालून मोकळा होतो. त्या थबकलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुकडे आधी तयार झालेले दिसतात ते त्यामुळे. यात मूर्खपणा नाही, असे मी म्हणणार नाही. पण न वापरलेली तरतूद परत जाते हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो मूर्खपणा कळतो.

आपल्या गल्लीतल्या कुंपणाचे कोडे ज्याला सोडवावयाचे असेल त्याने महापालिकेच्या नगररचना विभागात जावे, सर्व्हे क्रमांक सांगून शुल्क भरावे आणि त्या जागेचा भाग नकाशा मागावा. चार-आठ दिवसांनी शिक्का मारलेला एक कागद हाती येतो. त्यावर आपली गल्ली ओळखू येण्यास क्षणभर वेळ लागतो. मग ओढा सापडतो, देऊळ सापडते, आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या दोन समांतर रेघा दिसतात. रेघांच्या मधोमध, कुंपणाच्या जागी, एक लहानसा चौकोन असतो. त्यात हिस्सा क्रमांक लिहिलेला असतो. तो टिपून घेऊन शेजारच्याच इमारतीतील भूसंपादन शाखेत विचारावे, की या क्रमांकाची मोजणी झाली आहे काय, निवाडा झाला आहे काय, आणि १२७ ची नोटीस कोणत्या तारखेला आली होती.